बरगडीबाहेर पाच इंच

बाकावर बसताना तो उजव्या हाताला थोडी जागा सोडायचा. कोणी तिथं टेकायला लागलं, की हात आडवा धरून म्हणायचा, "जरा तिकडून बसा जी. इथं दुखते."

दवाखान्यात तुम्हीही नाना तऱ्हेचे रोगी पाहिले असतील. पण बाकावरच्या मोकळ्या जागेत दुखणारा मी तरी दुसरा पाहिला नाही.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. मी साइटवरच्या दवाखान्यात नोंदी ठेवायचो. तो उंचावर चढून लोखंड जोडायचा. भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या घरचा. पित्ताशयात खडे झाले म्हणून त्याची पिशवीच काढून टाकली होती. टाके सुकले, ताप नाही, भूक चांगली. माझ्या फॉर्मात नऊ रकाने होते. नऊही भरून मी खाली 'बरा' असं लिहिलं.

तरी तो दर मंगळवारी यायचा.

"बाबूजी, पिशवी काहाडली ना?"

"काढली, भाऊ. सात खडे निघाले. मी स्वतः मोजले."

"मंग तिथं काहीच नाही. अन् तेच दुखून राहिलं."

शेजारी बसलेला एक फिटर म्हणाला, "याच्या दुखण्यानं बिऱ्हाड केलं जी इथं."

"हाव ना," तोही हसला. "अन् जा म्हटलं तर आयकत नाही लेकाचं."

सुरुवातीला तो बोट बरगडीखाली ठेवून दाखवायचा. पुढं बोट अंगाला लागेनासं झालं. हवेतच एका ठिकाणी थांबायचं. मला राहवेना. मी फूटपट्टी लावली. दोन इंच. तीन आठवड्यांनी पाच. फॉर्मात त्याला जागा नव्हती, म्हणून माझ्या खासगी वहीत पहिल्या मंगळवारपासूनचं सगळं लिहून ठेवलं.

त्याला रजा नको होती. "मले वर नका धाडू, एवढंच लिहा. दोन्ही हातांनं लोखंड धरलं रायते, अन् हे मधातच धक्का देते. खाली सांगान ते काम करतो." पण डॉक्टरांच्या सहीशिवाय मला एक अक्षर वाढवता येत नव्हतं, आणि कागदावर तो बरा होता.

चौदाव्या मंगळवारी डॉक्टरांनी त्याचं पोट सगळीकडून दाबून पाहिलं. दुखलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. डॉक्टरांनी पलीकडचा टॉवेल घ्यायला त्याच्या कुशीशेजारून हात नेला. हात अंगाला लागला नव्हता, त्याला दिसतही नव्हता. तरी त्यानं दातांवर दात दाबून श्वास आत ओढला. डॉक्टरांनी हात मागं घेतला आणि टॉवेल खाटेला वळसा घालून जाऊन घेतला. मग 'सोमवारपासून कामावर' असं लिहून सही केली.

वही दाखवावी की नाही, या विचारात मी आठ दिवस घालवले. पुढच्या मंगळवारी तो आला नाही. बुधवारी सकाळी मी वही डॉक्टरांसमोर ठेवली. चौदा नोंदी, त्यांत अकरा वेळा दुखणं अंगाबाहेर. त्यांनी दोनदा वाचलं.

"हे सगळं तो सांगत होता?"

"हो, साहेब."

"मी पोटालाच विचारत राहिलो," ते म्हणाले, आणि नवा कागद केला: काम फक्त जमिनीवर.

तो कागद घेऊन मी दुपारी कँप-एक या कामगारवस्तीत त्याच्या खोलीवर गेलो. शेजारची बाई अंगणात उभी होती.

"ते तं कालच गावाले गेले. सोमवारी अर्ध्या शिडीवरून उतरले अन् कामच सोडलं."

"फार दुखत होतं का?"

"नाही जी. हासत गेले. मले म्हणे, वहिनी, ते आतमधी झोपलं हाय. उठवू नका."

बोलताना ती ओट्यावर चढली नाही. खोलीचं दार सताड उघडं होतं. आत एक उघडी खाट, एवढंच सामान. घड्याळात सव्वातीन वाजले होते, लख्ख ऊन होतं, आणि आत कोणी नव्हतं हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी मी चपला काढल्या, उंबऱ्याशी थांबलो आणि हळू आवाजात विचारलं, "येऊ का?"