तिसरा आग्रह

नाक मुरडावं तर लल्ला बतूलनंच. आमच्या फेझ शहरात मानाच्या बाईला 'लल्ला' म्हणतात, आणि नाकं मुरडणाऱ्या लल्लांचा इथं तोटा नाही, पण हिची सर कुणाला नाही. सुलतानाच्या घरचं ताट समोर आलं तरी ही आधी म्हणेल, दालचिनी कमी पडली, आणि मग जेवेल. नवरा होता तोवर नवऱ्याला नावं ठेवली, तो गेल्यावर त्याच्या कबरीवरच्या दगडाला ठेवली. तर ही बाई एका शुक्रवारी आगगाडीत बसून मुलाकडे कासाब्लांकाला निघाली. सोमवारी परत, असं सांगून.

शेजारच्या खद्दूजनं दारातली ट्रंक पाहिली. "अगं, दोन दिवसांसाठी एवढी ट्रंक?"

"सुनेच्या घरी काय असणार आहे? वाटी-चमचासुद्धा आपलाच न्यायला हवा."

खोटं. ट्रंकेत लोकरीचे झगे होते, रजई होती आणि कुसकुसचा रवा वाफवायचं तांब्याचं भांडं होतं. मे महिन्यात कुणी लोकर नेतं का? बाई राहायला निघाली होती. त्या तीन मजली घरात ती एकटी. हिवाळ्यात एकदा जिन्यात पडली आणि हाका मारून मारून घसा बसला, तरी भिंतीपलीकडच्या खद्दूजला ऐकू गेलं नाही. तेव्हापासून तिनं मनाशी ठरवलं होतं, आता द्रिसकडे जायचं. पण हे तोंडानं कोण म्हणणार? फेझची बाई स्वतःहून 'मला ठेवून घ्या' म्हणेल? त्यापेक्षा पुन्हा जिन्यातून पडेल!

आमच्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की जरा तडकून नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं बाई, एवढं म्हणतेस तर' असं म्हणत उपकार केल्यासारखं हो म्हणायचं. चहाचा दुसरा पेला असो की मुलीला आलेली मागणी असो, रीत तीच. पहिल्या हाकेला धावतो तो हावरा, आणि दुसऱ्या नकारावर थांबतो तो चिक्कू. लल्ला बतूलच्या मनात सगळा बेत तयार होता. द्रिस तीनदा विचारेल, ती दोनदा झिडकारेल, आणि तांब्याचं भांडं बाहेर निघेल.

स्टेशनवर द्रिस घ्यायला आला होता. विमा कंपनीत नोकरी, पोट सुटलेलं, कपाळ मागे सरकलेलं. त्यानं आईचा हात कपाळाला लावला.

"काय रे हे! खायला घालते की नुसता वारा भरते तुझी बायको?" लल्ला बतूल म्हणाली. पोराच्या गालावरून हात फिरवावा असं तिला वाटलं होतं, पण ते दाखवायची सोय नव्हती.

गाडीतून जाताना तिचं तोंड चालूच. "या कासाब्लांकाला तुम्ही पांढरं घर म्हणता? दार-अल-बैदा! एक भिंत पांढरी दाखव मला. सगळी धुरानं काळी. आणि ही माणसं धावतात कुठं? कुणाच्या घराला आग लागलीये का?"

"कामाला जातात, आई."

"आमचे लोकही कामाला जातात. पण वाटेत चार माणसांची विचारपूस करत जातात. इथं तर एकमेकांना तुडवून जातात."

द्रिस हसला. त्याला आईची सवय होती, निदान एकेकाळी होती.

सून इल्हाम दुक्कालाच्या सपाट मुलखातली, शेतकऱ्याची मुलगी. आता आम्हा फेझवाल्यांना ते मैदानातले लोक म्हणजे मका आणि मेंढ्या, आणखी काय! लग्नाच्या वेळी लल्ला बतूलनं आठवडाभर अंथरूण धरलं होतं. पण इल्हाम सरळ बाई. वाकडं बोलत नाही आणि वाकडं ऐकतही नाही. कुणी हो म्हटलं की हो, नाही म्हटलं की नाही. तिच्या माहेरी बैलाचा सौदासुद्धा एका शब्दावर होतो म्हणे. असल्या माणसापुढं आमच्या रीतीचं काय होणार?

शनिवारी दुपारी इल्हामनं पस्तिल्ला केला. सकाळपासून खपत होती बिचारी. कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची ती मोठी गोल पोळी तिनं समोर आणून ठेवली. लल्ला बतूलनं तुकडा मोडला आणि आत बघितलं. आत कोळंबी!

"हे काय?"

"मासळीचा पस्तिल्ला, लल्ला. इथं सगळे असाच करतात."

"पस्तिल्ल्यात कबुतर असतं, पोरी. कबुतर, बदाम, वरून साखर आणि दालचिनी. सात पिढ्या कबुतरच होतं. यात समुद्रातले किडे कुणी घातले?"

इल्हामचं तोंड एवढंसं झालं. म्हातारीनं तो तुकडा खाल्ला. आणि खरं सांगू? तिला तो आवडला. इतका आवडला की पोळीच्या उरलेल्या भागावरून तिची नजर हलेना.

"आणखी वाढू, लल्ला?"

"नको गं बाई. घशाखाली उतरायला हवं ना!"

इल्हामनं "बरं" म्हटलं आणि ताट उचलून आत नेलं. उचललं की! बतूल बघतच राहिली. आमच्याकडं असं 'बरं' कुणी म्हटलं असतं तर गल्लीत वर्षभर बोभाटा झाला असता. दुपारी सून जरा आडवी झाल्यावर म्हातारी स्वयंपाकघरात गेली, झाकण उघडलं आणि उभ्या उभ्याच दोन तुकडे खाऊन आली. जाता जाता तिनं मसाल्याचे डबेही लावून दिले, जिरं पुढे, हळद मागे. आता इथंच रांधायचंय म्हटल्यावर डबे हाताशी नकोत? इल्हाम उठली आणि तिनं डबे पाहिले. तिला वाटलं, ही आपल्या नीटनेटकेपणाची परीक्षा घेतेय.

संध्याकाळी द्रिस म्हणाला, "आई, ये, तुला काहीतरी दाखवतो."

स्वयंपाकघराला लागून एक खोली होती. नवा रंग दिलेला, नवा पलंग, फेझहून मागवलेली, निळं भरतकाम केलेली चादर. खिडकीतून शेजारच्या गच्च्या दिसत होत्या, आणि त्यांच्या फटीतून समुद्राची एक चिरी. कोपऱ्यात नमाजाची चटई, तीही नवी. द्रिस दारात उभा राहून आईच्या तोंडाकडे बघत होता, मार्क मिळायची वाट बघणाऱ्या पोरासारखा.

"ही खोली तुझ्यासाठी केलीये, आई. राहशील का गं आमच्याकडे?"

झालं! पहिला प्रश्न आला. एवढी चादर शोधून आणली पोरानं! पण रीत म्हणजे रीत.

"इथं? या खुराड्यात? अरे, आमच्याकडं याहून मोठ्या जागेत कोळसे ठेवतात."

द्रिसनं मान खाली घातली. "बरं, रंग तरी आवडला का?"

"दवाखान्यासारखा आहे."

आता तिची फार चूक होती असंही मी म्हणणार नाही. पहिला नकार जितका कडक, तितका पुढचा आग्रह गोड, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. तिच्या आईला आग्रह करायला सगळा मोहल्ला लोटायचा. पण ते दिवस वेगळे, आणि ती माणसं रिकामी होती.

रविवारी तिला समुद्रावर नेलं. आधी ट्राममधून. ट्राममध्ये बसायला जागा मिळाली, फेझच्या बोळांसारखा चढ नाही, उतार नाही, गाढवाचा धक्का नाही. तिच्या गुडघ्यानं तिथल्या तिथं दुवा दिला. तोंडानं मात्र ती म्हणाली, "पिंजऱ्यात घालून फिरवतात कोंबड्यांसारखं."

पाण्याच्या काठावर सगळं शहर लोटलं होतं. अर्धे उघडे तरुण चेंडू लाथाडत होते, कोणी उकडलेल्या गोगलगाई वाटीत घेऊन टाचणीनं उकरून खात होतं, आणि लांब मशिदीचा मिनार पाण्यातून उगवल्यासारखा उभा होता.

"एवढं पाणी," लल्ला बतूल म्हणाली, "आणि त्यातलं एक वाडगं पिता येत नाही. काय उपयोग?"

इल्हाम खेळीमेळीनं म्हणाली, "पाय तर भिजवा, लल्ला!"

"मला काय करायचंय पाय भिजवून!" असं म्हणता म्हणता तिनं चपला काढल्या. लाट आली, घोट्यापर्यंत चढली आणि पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली. लल्ला बतूल एकदम द्रिसचा हात धरून हसली, लहानपणी हसायची तशी. जन्मात पहिल्यांदा तिचे पाय समुद्रात गेले होते. ती तिथं बराच वेळ उभी राहिली. कुणी तिला निघायची घाई केली नाही.

त्या हसण्यानं द्रिसला धीर आला. "आई," तो हळूच म्हणाला, "बघ ना. रोज येता येईल इथं. राहा ना आमच्याकडे."

दुसऱ्यांदा! आता तडकून नकार द्यायचा, आणि मग फक्त एकदाच वाट बघायची. बतूलनं आवाज चढवला.

"माझं डोकं फिरलंय का? बापजाद्यांचं घर सोडून या गोंगाटात येऊन राहू? खाऱ्या वाऱ्यात गंजून मरायला? एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला?"

बाजूचे दोघेतिघे वळून बघायला लागले. द्रिसचा चेहरा उतरला. त्यानं आईच्या हातातला आपला हात सोडवला आणि चपलांतली वाळू झटकायला लागला. लल्ला बतूल मनातल्या मनात तिसरं वाक्य घोळवत होती. 'बरं बाबा, एवढं म्हणतोस तर.' सोपं वाक्य. जिभेवर ठेवलेलं.

संध्याकाळी ती तिच्या त्या खोलीत पलंगावर बसली होती. भिंत कसली, पडदाच तो. स्वयंपाकघरातलं सगळं बोलणं ऐकू येत होतं.

"अजून एकदा विचारून बघतो," द्रिस म्हणत होता.

बतूल उठून दाराशी गेली. हात कडीवर.

"नका हो," इल्हाम म्हणाली. "दोनदा नाही म्हणाल्या. चारचौघांत ओरडल्या. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसानं दोनदा नाही म्हटल्यावर तिसऱ्यांदा विचारत नाहीत, तो त्यांच्या शब्दाचा अपमान असतो. मलाही वाटत होतं त्यांनी राहावं. मी काय खोली उगाच रंगवली? पण त्यांना आपलं काहीसुद्धा आवडलं नाही, द्रिस. जाऊ द्या त्यांना सुखानं."

द्रिसनं हातातला पेला खाली ठेवला. फेझच्या पोटचा पोरगा, त्याला तरी कळायला नको? पण पांढऱ्या घराचं पाणी पिऊन पिऊन तोही एका शब्दाचा झाला होता. शिवाय खोलीचा घाव ताजा होता. "खरं आहे तुझं," तो म्हणाला. "तिकीट काढतो सकाळचं."

कडी उघडायची, एवढंच काम होतं. लल्ला बतूलनं कडीवरचा हात काढून घेतला. विचारलं नसताना उत्तर द्यायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. जेवताना तरी विचारेल, असं म्हणून तिनं रुमाल नीट बांधला आणि बाहेर आली. जेवताना द्रिस म्हणाला, "आई, सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय. खिडकीजवळचं."

"बरं केलंस," ती म्हणाली. "मी सांगणारच होते."

सोमवारी फलाटावर ट्रंक चढवताना द्रिसला घाम फुटला. "काय भरलंयस यात, आई?"

"लोकरीचे झगे."

"मे महिन्यात?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. तोही बघत होता. आता विचार, गाढवा, आता तरी विचार, असं तिच्या डोळ्यांत मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. पण त्याला ते वाचता येईना.

"इथल्या गरिबांना वाटायला आणले होते," ती म्हणाली. "पण या गावात कुणाला द्यावं असं दिसलं नाही."

गाडी सुटली. द्रिस फलाटावर हात हलवत राहिला.

दुपारी हमालानं ट्रंक दारात आणून टाकली, तोच खद्दूज धावत आली. "आलीस सुद्धा? मला वाटलं, ठेवूनच घेतील तुला."

"ठेवून घेत होते की!" लल्ला बतूल ट्रंकेवर बसत म्हणाली. "सून रडली. पोरानं पाय धरले. एकदा नाही गं, तीनदा विचारलं त्यानं, तीनदा! मीच नको म्हटलं."