पाणवठ्याआधीचा श्वास

शाळेला सहा टॅबलेट आणि भिंतभर टीव्ही मिळाला तेव्हा दसरा आठवड्यावर आला होता. त्यामुळे त्यांचा पहिला उपयोग पूजेला झाला. आमच्याकडे दसऱ्याला कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, मग टॅबलेटनीच काय पाप केलंय? भाऊंनी सहाही पाटावर मांडले, अक्षता वाहिल्या, नारळ फोडला. कुंकू चार्जिंगच्या भोकात गेलं आणि दोन टॅबलेट तिथेच गप्प झाले. मी दुपारभर काडीने कुंकू कोरत बसले आणि भाऊ म्हणाले, "ताई, देवाला नमस्कार करून घ्या, मग चालतील." चालले, पण काडीने.

भाऊ म्हणजे आमच्या शाळेतले सगळ्यांत जुने शिक्षक. जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, कापसाच्या शेतांत आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. मी तिथे नवी आले तेव्हा मला वर्ग सांभाळायला त्यांनी शिकवलं. साहेबांपुढे काय बोलायचं आणि कुठे तोंड शिवून बसायचं, तेही त्यांनीच. मला सख्खा भाऊ नाही. दर राखीपौर्णिमेला मी त्यांना राखी बांधत असे. हे मुद्दाम सांगते, कारण परक्याने केलं असतं तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्या यंत्रांचा आराखडा लिहायला घेतला. यंत्र आलं की सगळे विचारतात, याच्यावर दाखवायचं काय? मी उलटीकडून सुरुवात केली. माझ्या चौथीतलं कुठलं मूल कुठे अडतंय, ते आधी लिहिलं. खडूने फरशीवर जमतं ते टीव्हीवर करायचं नाही. वीज गेली तर तोच तास यंत्राशिवाय कसा घ्यायचा, ते समोरच लिहिलेलं. टॅबलेट चार्ज कोणी करायचे, त्याच्या पाळ्या. भाऊंनी वही वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "एवढं तर वरच्यांनाही सुचलं नसतं." मी दोन दिवस हवेत होते.

आराखड्यातली एक ओळ एकाच मुलीसाठी होती. तिला वाचता येत नव्हतं असं नाही, पण वर्गात उभी राहिली की घरची बोली जिभेवर यायची, पोरं हसायची आणि ती खाली बसायची. तिची आई कापूस वेचायची. इथला हंगाम संपला की केळीच्या कामाला रावेरकडे जायची. दिवाळीनंतर ती फाटकाशी आली आणि मला म्हणाली, "मॅडम, पोर वाचाले लागनी तर मामाना घर ठेवसू. नही तर संगे लई जासू. आठे बसीसन काय कामनं?"

कापूस जानेवारीत संपतो. पोर वाचायला लागून मामाकडे, इथेच राहावी, यासाठी माझ्या हातात तेवढाच वेळ होता.

मी त्या मुलीला एक टॅबलेट दिला आणि कपाटामागची जागा दिली. तिने धडा वाचून टॅबलेटमध्ये रेकॉर्ड करायचा, आपलाच आवाज ऐकायचा, पुन्हा वाचायचा. ऐकणारं दुसरं कोणी नाही, हसणारं कोणी नाही. पहिल्या दिवशी स्वतःचा आवाज ऐकून तिने टॅबलेट फरशीवर पालथा ठेवला. आठवड्याने ती स्वतःच्या चुका मोजायला लागली. एका धड्यात 'पाणवठा' हा शब्द होता, तिथे ती हमखास अडखळायची. मग तिने स्वतःच एक युक्ती काढली. त्या शब्दाच्या आधी थांबायचं, छोटासा श्वास घ्यायचा आणि एका दमात म्हणून टाकायचं. मकरसंक्रांतीच्या आधी तिने पूर्ण धडा वाचला. मी कपाटाच्या अलीकडे उभी राहून ऐकला आणि वर्गाकडे पाठ करून डोळे पुसले.

त्याच सुमारास धुळ्याला कार्यशाळा होती. तिथे शाळांनी आपापले प्रयोग मांडायचे होते. माझा मुलगा तापाने पडला होता, म्हणून भाऊ म्हणाले, "मी मांडतो, ताई. पोरांचे आवाज द्या, एक छोटी फिल्म करून घेतो." मी सगळे आवाज पेनड्राइव्हवर घालून दिले. पुसून दिला तो पेनड्राइव्ह, पदराने.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर भाऊंनी ती फिल्म टीव्हीवर लावली. सगळं गाव ओट्यावर दाटीवाटीने बसलं होतं. माझं नाव मोठ्या अक्षरांत आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पडद्यावर शाळा समितीच्या अध्यक्षांची मुलगी आली. नवा गणवेश, दोन वेण्या, हातात टॅबलेट. ती ओठ हलवत होती. धडा पुढे सरकला, एक छोटासा श्वास ऐकू आला आणि 'पाणवठा' हा शब्द एका दमात आला.

मी गर्दीत कपाटामागच्या त्या पोरीला शोधायला लागले.

कार्यक्रम संपल्यावर मी भाऊंना ऑफिसात गाठलं. त्यांना काही चुकलंय असं वाटतच नव्हतं. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो, तिचा फ्रॉक फाटका, केस तसे. कॅमेऱ्यासमोर तोंड उघडेना. आवाज चांगला होता तो घेतला, चेहरा चांगला होता तो घेतला. नाव तर तुमचंच झालं ना?" माझं नाव तेवढं बरोबर होतं, हे खरं. केसाने गळा कापतात तो असा, कापणाराच वर विचारतो, दुखलं का? मी म्हणाले, "भाऊ, यंदा राखीला येऊ नका." ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, तो आवाज मना शे ना?"

"हो गं. तुझाच आहे."

"मंग ती काबर बोली राहिनी?"

ती का बोलतेय, हे सांगायचं सोडून मी हजेरीपट उघडला. मग तीच म्हणाली, "मना आवाज तुम्ही तिले दी दिन्हा." मी दिला नाही, भाऊंनी दिला, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण पेनड्राइव्ह मीच दिला होता, तिला न विचारता. साऱ्या आराखड्यात मी विजेचा विचार केला, चार्जिंगचा केला. पोरीचा आवाज कोणाला द्यायचा हे पोरीला विचारावं, एवढं काही माझ्या डोक्यात आलं नाही. त्या दिवसापासून ती कपाटामागे गेली नाही. टॅबलेट पुढे केला की हात मागे घ्यायची. इकडे ती फिल्म गावात सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होती.

महिना संपताना तिची आई आली. रस्त्यावर टेम्पो उभा होता, त्यात बायका, गाठोडी आणि चुलीची भांडी होती. आईने वर्गाच्या दारात उभं राहून मुलीला म्हटलं, "वाच ना वं." मी पुस्तक उघडून दिलं. मुलीने पानाकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले. मी हळूच पहिला शब्द सांगितला. तिने पुस्तक मिटलं.

"तिला येतं हो," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "थांबा, ऐका." मी कपाटातून टॅबलेट काढला आणि तिचा धडा लावला. आई कान देऊन ऐकायला लागली. दोन ओळींनंतर तिने मान हलवली.

"मॅडम, हाऊ तर अध्यक्षनी पोरना आवाज शे. बठ्ठा गावनी देखं मोबाईलमा."

"नाही, हिचाच आहे. विचारा तिलाच."

आई मुलीकडे वळली. "खरं सांग. हाऊ तुना शे का?"

मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात पोरं हसली की ती खाली बसायच्या आधी बघायची ना, तसं.

"नही, माय," ती म्हणाली. "तिना शे."

आईने तिचं दप्तर उचललं. दोघी पायऱ्या उतरल्या. टॅबलेट माझ्या हातात चालूच होता, बंद करायचं मला सुचलं नाही. त्या फाटकाजवळ पोचल्या तेव्हा धडा त्या ओळीपाशी आला आणि शब्दाच्या आधी तिने श्वास घेतला.