गच्चीवरून उडालेला माळढोक

माझ्या बहिणीचं लग्न एका माळढोक पक्ष्यामुळे मोडता मोडता राहिलं, आणि तो पक्षी माझा होता.

म्हणजे तिकिटावरचा! मी पक्ष्यांची टपाल तिकिटं जमवतो. (खऱ्या पक्ष्यांपैकी मला कावळा आणि कोंबडी एवढेच ओळखू येतात.) जुन्या लिफाफ्यांवरची तिकिटं पाण्यात भिजवायची, अलगद सोडवायची आणि कापडावर वाळवायची, अशी ही साधना. त्या उन्हाळ्यात धामणगाव बढ्याला आमच्या गच्चीवर आईने साबुदाण्याच्या पापड्या घातल्या आणि राखणीला मला बसवलं. म्हटलं, ऊन फुकट का घालवा? शेजारच्या खाटेवर मीही माझी पाखरं मांडली.

एवढ्यात वावटळ आली! मोर अंगणात सापडला, सारस जिन्यात सापडला. माळढोक मात्र गेला तो गेलाच. किती वर्षांनी हाती लागलेलं तिकीट! मला जेवण गोड लागेना.

"वाळवणाची राखण कराले बसवलं, तं हा पाखरं वाळवत होता!" आई शेजारणींना सांगत सुटली.

पुढे प्रणालीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, बघायला नांदुऱ्याहून पाहुणे आले. मुलगा तिला फोटोतच आवडला होता. तिला भीती फक्त माझी.

"दादा, पाव्हण्यायसमोर तिकिटायचं नाव काढू नोको बरं!"

"नाही काढत."

"जुने लिफाफे हायेत काय घरी, हेही इचारू नोको!"

(हे मी आधीच्या एका स्थळाला विचारलं होतं. त्यांचा निरोप अजून यायचा आहे.)

पोहे आले, तळलेल्या पापड्या आल्या. आईला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि पाहुण्यांसमोर ती चष्मा लावत नाही, त्यामुळे तळण अंदाजानेच झालं होतं. मुलाच्या वडिलांनी पापडी उचलली, आणि मी हातातली बशी खाली ठेवली. फुगलेल्या साबुदाण्यात, लांब मान वर करून, ऐटीत उभा माझा माळढोक! ओल्या पापडीला चिकटून वाळला, डब्यात गेला आणि कढईतून थेट ताटात आला होता.

तोंड उघडायची सोय नव्हती. पापडी त्यांच्या दातांशी पोचली आणि मी झेप घेतली.

"अबे! काऊन?"

"काका, हे... हे जळेल हाये!"

"कुठी जळेल हाये? दे इकडे!"

"नाही!" मी पापडी छातीशी धरली.

आई आतून धावत आली. "अरे, डबाभर हायेत पापड्या! त्यायच्या तोंडातली काऊन घेतो बे?"

प्रणालीने डोळे गच्च मिटले. तिचा चेहरा बघून मी सगळं सांगून टाकलं. काकांनी पापडी माझ्याकडून घेऊन उलटसुलट पाहिली.

"पोरगी आमाले पसंद हाये," काका शेवटी म्हणाले. "नांदत तं पोरगी येईन. हा थोडीच येते!"

प्रणाली रडता रडता हसली. मलाही भरून आलं. (माळढोकही परत मिळाला होता.)

लग्न थाटात झालं. पंगतीत मला मानाने काकांशेजारी बसवलं. ते माझ्याशी गोड बोलले, आग्रहाने जिलबी वाढायला लावली. फक्त जेवण संपेपर्यंत त्यांचा डावा हात पापडावरून हलला नाही!