जेलरने पाळलेला श्रावण

बेचाळीसच्या चळवळीत आमच्या घरातला एकच माणूस तुरुंगात गेला, माझा थोरला भाऊ. आणि त्याच सुमारास एकच माणूस वकील झाला, तो मी. घराच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी सारख्याच बिनकमाईच्या. फरक इतकाच, की दादाला सरकार तरी विचारत होते. मला साताऱ्याच्या कोर्टात पट्टेवाल्याशिवाय कोणी विचारत नसे.

दादा स्थानबद्ध होता. म्हणजे खटला नाही, शिक्षा नाही, सुटकेचा दिवसही नाही. भूमिगतांना जेवू घातले, निरोप पोचवले, असा संशय. अशा माणसांना घरचा डबा आणि महिन्यातून एक भेट मिळे. भेट जेलरच्या मर्जीवर होती. डबा माझ्या सायकलवर होता.

त्या जेलरविषयी मी आजही चांगले बोलू शकत नाही. घरात कोणी 'जाऊ दे आता' म्हटले की मी उठून अंगणात जातो. माणूस आपल्यातलाच होता, कपाळाला गंध लावायचा. डब्यातल्या भाजीत बोट घालून बघायचा आणि तेच बोट माझ्या पंच्याला पुसायचा. "काय वकीलसाहेब, आज पक्षकार कोण? वांगं?" असे म्हणायचा आणि शिपाई हसायचे. मीही हसायचो, कारण डबा आत जायचा असायचा.

त्रेचाळीसच्या श्रावणात एके दिवशी तो स्वतः फाटकापर्यंत आला आणि गोड बोलला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"तुमचे बंधू फार धार्मिक झालेत हो. अख्ख्या बराकीनं उपास धरलाय. उद्यापासून उपासाचं आणा. सगळ्यांपुरतं आणलंत तरी मी अडवणार नाही."

मी घरी येऊन सांगितले. आईने हातातले निवडणे खाली ठेवले आणि देवाकडे बघून हात जोडले. ज्या मुलाने आषाढी एकादशीला कांदाभजी मागून तिला रडवले होते, तो तुरुंगात जाऊन उपास करू लागला. सरकारने तिच्या मते आजवर केलेले हे एकमेव चांगले काम होते.

साबुदाणा लढाईमुळे बाजारातून गेला होता. आईने वरीचे तांदूळ काढले, दाण्याची आमटी केली, रताळ्याचा कीस केला. शेजारणी, ज्या दादाला पकडल्यापासून आमच्या ओट्याकडे मान वळवून जायच्या, त्यासुद्धा राजगिऱ्याचे लाडू घेऊन आल्या. चळवळीला मदत करायला सगळे घाबरत होते. उपासाला मदत करायला कोणाचेच काही जात नव्हते. मी दोन खेपा केल्या. फाटकावरच्या शिपायाने उलट मला सलाम ठोकला.

संध्याकाळी डबे परत आले. जसे भरले तसेच. आमटीवरची कोथिंबीरसुद्धा हलली नव्हती.

आई म्हणाली, "निर्जळी दिसतंय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवले, पुन्हा तसेच परत आले. आई थोडी घाबरली, पण अभिमानाने. वहिनी मात्र डब्याचे झाकण हातात घेऊन उभी राहिली.

"भावोजी, तुमचे भाऊ उपासाला दुप्पट जेवतात. दुसऱ्याच्या उपासालासुद्धा. हा उपास नाही. ते जेवायचंच नाकारताहेत."

"कशासाठी?"

"ते तुम्ही विचारा. सनद तुमच्याकडे आहे."

मी फाटकावर गेलो. बाहेर लिंबाखाली तासगावकडचा एक म्हातारा शेतकरी बसला होता. त्याचा मुलगा दादाच्याच बराकीत असल्याचे मला माहीत होते. मी काही विचारण्याआधीच तो उठला.

"आवं वकीलसाहेब, तुमी कशापायी ताटं भरून आणताय? आत माझ्या पोराचा पाय सडलाय. पकडतानाच शिपायानं बुटानं ठेचला हुता. दवाखान्यात न्हेत न्हाईत. त्याच्यासाठी समद्यांनी जेवान टाकलंय."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"रहिमतपूरचा एक गडी काल सुटला, त्यानं. आन् तुमचा घमघमाट सुटलेला डबा त्यो जेलर त्येंच्या म्होरं मांडतोय. म्हनतोय, बघा, घरची बी खा म्हनत्यात."

माझे कान गरम झाले. मी तसाच जेलरच्या खोलीत गेलो आणि आयुष्यातले पहिले भाषण केले. स्थानबद्धाला वैद्यकीय उपचारांचा हक्क आहे, अन्नत्याग वर कळवायला हवा, सिव्हिल सर्जनला ताबडतोब बोलवायला हवे. आवाज कापत होता, पण वाक्ये बरोबर होती.

त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "अन्नत्याग कसला? श्रावण आहे. खुद्द तुमच्या मातोश्रींनी उपासाचं पाठवलंय, सगळ्या शहरानं बघितलंय. यापेक्षा पुरावा काय हवा तुमच्या कोर्टाला? आणि पाय म्हणाल, तर शेतकऱ्याचा पाय आहे. चिखलात असाच असतो."

"आम्ही वर लिहू."

"लिहा की. पोस्टाचं तिकीट परवडतं ना?"

घरी येऊन मी हे सगळे आईला सांगितले. तिच्या देवाच्या नावावर एका माणसाने तिच्याच हातच्या अन्नाने तिच्याच मुलाला हरवायला घेतले होते. ती रागावल्यावर ओरडत नसे. पदर खोचत असे. त्या दिवशी तिने पदर खोचला.

"तो मोठा डॉक्टर तुरुंगात कधी येतो?"

"दर बुधवारी. पण आजारी माणूस त्याला दाखवतच नसतील."

"बुधवारी तू माझ्याबरोबर यायचं. बोलायचं मात्र नाहीस." वकिलाला याहून मोठा अपमान नसतो, पण मला तो त्या दिवशी फार सोयीचा वाटला.

बुधवारी आम्ही फाटकावर उभे राहिलो: आई, वहिनी, तो म्हातारा आणि मागे, सायकल धरून, मी. डॉक्टरची मोटार आली. जेलर उतरवून घ्यायला धावला. आई सरळ मोटारीसमोर गेली.

"डॉक्टर, यांच्या तुरुंगात आजारी माणसाला कडक उपास करायला लावलाय."

जेलर म्हणाला, "बाई, बाजूला व्हा. साहेब, श्रावणातला उपास आहे, धार्मिक बाब."

"धार्मिकच म्हणते मी," आई म्हणाली. "आमच्यात आजाऱ्याला उपास नसतो. लहान पोर, बाळंतीण आणि आजारी, तिघांना माफ. यांनी त्याला कोणाला विचारून धरू दिला? तुम्हाला विचारलं होतं का?"

डॉक्टरने जेलरकडे पाहिले. "आजारी कोण आहे?"

"कोणी नाही साहेब. किरकोळ."

"किती दिवस खाल्लं नाहीये?"

जेलर टोपी सारखी करू लागला. उपास म्हटले तर आजारी माणूस उपाशी ठेवल्याबद्दल डॉक्टरला उत्तर द्यावे लागणार. उपास नाही म्हटले तर काय आहे ते सांगावे लागणार. त्याचे ते तोंड मी पोटभर बघून घेतले. मला त्याची लाज वाटत नाही.

"माझं पोर हाय त्ये," म्हातारा म्हणाला. "वास येतोय म्हनं पायाला."

वास म्हटल्यावर डॉक्टर थांबला नाही. आत गेला. जेलर माझ्याजवळून जाताना दातांतून म्हणाला, "तुझ्या भावाला नाशकाला पाठवतो बघ." त्याने शब्द पाळला. दादाला त्याच महिन्यात हलवले आणि पुढचे वर्षभर आम्हाला एकही भेट मिळाली नाही. तो परत आला तेव्हा त्याचे दात हलत होते.

पण त्या बुधवारी फाटक उघडले आणि चौघांनी एक खाट बाहेर आणली. पोरगा चोवीस-पंचवीसचा असेल. तापाने डोळे चढलेले. म्हाताऱ्याला त्याने ओळखले नाही. म्हातारा खाटेची कड धरून इस्पितळापर्यंत चालत गेला आणि शिपाई त्याला दर दहा पावलांना मागे ढकलत राहिले.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टर म्हणाला, आणखी थोडा उशीर झाला असता तर कापायलाही काही उरले नसते. जीव वाचला.

मी भेटायला गेलो तेव्हा पोरगा शुद्धीवर होता. एक पाय पट्ट्यांत संपलेला, आणि दुसरा बेडीने खाटेला बांधलेला. लोखंडाने घोटा सोलला होता.

"ही काढा," मी पहाऱ्यावरच्या शिपायाला म्हणालो. "एका पायाने हा कुठं पळणार आहे?"

"हुकूम हाय."

मी डॉक्टरकडे गेलो. त्याने हात वर केले: रोगी माझा, कैदी त्यांचा. दोन ठिकाणी अर्ज केले. उत्तर आले नाही. परत खोलीत आलो तर म्हातारा आपल्या पटक्याचा काठ दातांनी फाडत होता.

शिपाई म्हणाला, "ए म्हाताऱ्या, काय चाललंय? बेडीला हात लावायचा न्हाई."

"लावत न्हाई. हुकूम लोखंडाचा हाय न्हवं? कापडाचा तर न्हाई?"

त्याने ती पट्टी पोराच्या घोट्याभोवती, बेडीच्या आतून, हळूहळू सरकवत गुंडाळली. शिपायाने तोंड खिडकीकडे फिरवले. मी दुसरे टोक धरले.