पंचक्रोशी आणि डावीकडचं गाव

पंचक्रोशीला निघाले ती देवासाठी नाही, गोदूसाठी. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुण्य शोधत वाचणाऱ्यांनी मागून कुरकुर करायला नको.

गोदू माझी धाकटी बहीण. काशीबाहेरच्या एका खेड्यात दिलेली. कुण्या सरदाराने कधीकाळी दोन-चार मराठी घरांना तिथं जमीन देऊन वसवलं, ती घरं अजून आहेत. दिवाळीपासून गोदूने अंथरूण धरलं होतं आणि दर निरोपात एकच मागणं होतं, "आप्पांना एकदा आण, ताई." आप्पा म्हणजे आमचे वडील. आई गेल्यावर त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतलेला. मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. बाहेर मरण आलं तर मोक्ष हुकला. ही हद्द म्हणजे काशीला वळसा घालणाऱ्या पंचक्रोशी यात्रेची सडकच, आणि गोदूचं गाव त्या सडकेपासून डावीकडे जेमतेम अर्ध्या कोसावर.

"यात्रा करू, आप्पा," मी म्हटलं. "तुमचा नियम राहील आणि गोदूही भेटेल."

"बघू," आप्पा म्हणाले. दुर्गाघाटावरच्या आमच्या घरात वडिलांचं 'बघू' म्हणजे अर्धं हो. नेमकं अर्धंच निघालं.

पौषातल्या थंडीत मणिकर्णिकेवर बुडी मारली, ज्ञानवापीपाशी संकल्प सोडला आणि आमच्या पंड्यामागोमाग जथा निघाला. अनवाणी चालायचं आणि काशी सतत उजव्या हाताला ठेवायची. येणार असाल तर एक ऐका: साहेबाची बग्घी धावावी म्हणून सरकारने सडकेवर जागोजागी ताजी खडी टाकलीय. यात्रेकरूंचे पाय कुणी विचारात घेतलेले नाहीत. कडेच्या मातीवरून चाला, आणि तळव्यांना लावायला तिळाचं तेल घरूनच आणा.

पहिला मुक्काम कंदवा. कर्दमेश्वराचं देऊळ फार जुनं, दगड काळाभोर, समोर मोठं तळं. इतकं सुंदर देऊळ आणि पायरीवर शेण! आप्पांनी तिथं मन लावून रुद्र म्हटला. त्यांचा आवाज अजून खणखणीत आहे. ऐकताना मला वाटलं, हा आवाज गोदूच्या कानावर पडला तर ती उठूनसुद्धा बसेल. वेडी आशा, दुसरं काय!

भीमचंडीला धर्मशाळेत जागेसाठी भांडावं लागलं. बनियाकडून पीठ, बटाटे, वांगी घ्यायची आणि गोवऱ्यांवर बाटी-चोखा करायचा; दोन आण्यांत दोघांचं पोट भरतं. त्याच्याकडचं तूप मात्र घेऊ नका, नुसती चरबी. गोदूला गाडीतून सडकेपर्यंत आणा, असं मी कळवलं होतं; तिथंच तिच्या दिराचा निरोप आला: वहिनीला बैलगाडीचे धक्के सोसणार नाहीत, तुम्हीच या.

दुसऱ्या दिवशी रामेश्वरच्या वाटेवर ते वळण आलं. डाव्या हाताला मटारची शेतं, मधून पायवाट आणि तिच्या टोकाला गोदूच्या गावची कडुनिंबाची झाडं. सडकेवरून दिसतात हो!

"अर्धा कोस, आप्पा."

"पाऊल बाहेर पडलं आणि तिथंच प्राण गेला तर?"

"सकाळी जथ्यात सगळ्यांच्या पुढे तुम्ही होतात. तुम्हाला काय धाड भरलीय?"

"तू जाऊन ये. मी इथं थांबतो," असं म्हणून ते सडकेच्या उजव्या कडेला मोहाच्या झाडाखाली बसले.

मी एकटी गेले. गोदू बाजेवर होती, आणि बाज तिच्यापेक्षा जड असावी. तिने माझ्या मागे दाराकडे पाहिलं.

"आले?"

"सडकेवर बसलेत. मोहाखाली."

मला वाटलं, रडेल. पण ती दिराला म्हणाली, "भावजी, बाज उचला." चौघांनी उचलली. धक्का लागला की ती पदर दातांत धरायची. बांधाशी म्हणाली, "ताई, केस सारखे कर माझे." मी बोटांनीच केले.

सडकेवर आलो. मोहाखाली कुणी नव्हतं.

समोरच्या शेतातला म्हातारा म्हणाला, "बाबा त जत्था के साथे निकल गइलन. कहत रहलन, दिन ढले के पहिले मुकाम पहुँचे के बा." झाडाच्या बुंध्याशी पानाच्या द्रोणात विश्वेश्वराचा अंगारा ठेवलेला होता. आशीर्वाद! मी तो गोदूच्या कपाळाला लावला. रिकामा द्रोण चुरगळून खडीवर फेकला.

"रागावू नकोस," ती म्हणाली. "मला यायलाच उशीर झाला. त्यांचा नेम मोडायला नको." त्या घटकेला तिचाही राग आला मला.

मी सरळ इक्का केला. यात्रेत वाहन चालत नाही, माझी यात्रा तिथंच बुडाली. बुडेना का! रामेश्वरला वरुणेचा काठ रम्य आहे म्हणतात. असेल. मी थेट धर्मशाळेत शिरले. आप्पा कांबळं अंथरत होते. दारातच पंडा नव्या यात्रेकरूंना समजावत होता, "दाहिनी ओर देवता, बाईं ओर धर्मशाला. दाहिने काशीजी हैं, उधर लोटा लेकर मत जाना. बाईं तरफ काशी नहीं है, जो करना हो इधर करो."

मी जागच्या जागी उभी राहिले.

"आप्पा, ही धर्मशाळा डावीकडे आहे. कंदव्याचीही होती, भीमचंडीचीही. तुम्ही रोज काशीबाहेर झोपताय."

त्यांनी कांबळ्याची सुरकुती सारखी केली. "यात्रेकरूच्या मुक्कामाला शास्त्रात सूट आहे."

"आणि मुलीला?"

"त्याचा उल्लेख नाही," ते म्हणाले. खरंच असं म्हणाले.

शिवपूरचं पांडवांचं देऊळ, कपिलधारेचा तलाव, सगळं पाहिलं. पाहण्यासारखं आहे, नाही म्हणत नाही. कपिलधारेपासून वाटेने जव पेरत यायचं असतं. आप्पा एकेक दाणा टाकत होते, मी माझी पुडी गाईपुढे रिकामी केली. शेवटी साक्षीविनायकाला सांगायचं की यात्रा पुरी झाली, म्हणजे तो साक्ष देतो. पुजाऱ्याने विचारलं, आप्पांनी हात जोडून "पूर्ण" म्हटलं. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "माझी मोहाच्या झाडाशी मोडली. यांची कुठं मोडली ते गणपतीला ठाऊक."

घरी येऊन आठवडाही झाला नसेल, गोदू गेल्याचा निरोप आला. दिलेल्या लेकीचं सुतक बापाला तीन दिवसांचं. आप्पांनी ते नीट पाळलं, चौथ्या दिवशी स्नान करून पाठाला बसले. शेजारच्या बायका म्हणाल्या, "किती धीराचे!" मी चुलीपाशी बसून तोच खणखणीत आवाज ऐकत होते.

तुम्ही या, जरूर या. देवळं जुनी आहेत, थंडीत मटार गोड असतो, माणसंही बरी आहेत. फक्त वाटेत डावीकडे तुमचं कुणी असेल, तर आधी तिकडे वळा. काशी कुठं जात नाही.