शिकतेय अजून

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, संस्थेतल्या लोकांना तर नाहीच. आणि आज सांगतोय तेही मन हलकं व्हावं म्हणून नाही. हलकं होऊच नये ते. ऐकून झाल्यावर ‘जाऊ द्या हो, तुम्ही चांगलंच तर करत होता’ असं म्हणणार असाल, तर इथंच थांबा. ते वाक्य मी स्वतःला चार वर्षं ऐकवून पाहिलंय.

बारामतीत माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. आठवड्यातल्या तीन दुपारी मी ते भावाच्या हवाली करतो आणि मोटरसायकलवर सणसरला जातो. तिथल्या समाजमंदिरात आमच्या संस्थेचा मायलेकरांचा वर्ग भरतो. आई आणि मूल एकाच सतरंजीवर बसून एकच पुस्तक वाचतात. मी वर्गप्रमुख. मला ‘सर’ म्हणतात — दहावीनंतर शिकलो नाही, तरी म्हणतात. मला ते आवडतं. हेही कबुलीतच धरा.

वर्गाची एक रीत होती. महिन्यातून एकदा प्रत्येक आईनं आपल्या घरची एक गोष्ट लिहायची आणि ती भिंतीवर लावायची. मराठ्याच्या घरची, मुसलमानाच्या घरची, वडाराच्या घरची — सगळ्यांनी सगळ्यांची वाचायची. शेजारी वर्षानुवर्षं राहूनही एकमेकांच्या चुलीपाशी काय चालतं ते ठाऊक नसतं, म्हणून.

शमीमभाभी तिथलीच. नवऱ्याचं पंक्चरचं दुकान. पण त्याचा पाय मोडला आणि दुकान बंद पडलं. मुलगी रुखसार तिसरीत. पहिल्या दिवशी भाभीला पेन्सिल कशी धरायची ते माहीत नव्हतं. सात-आठ महिन्यांत तिनं पूर्ण पानभर गोष्ट लिहिली — मोहरमात शेजारच्या कमलकाकू गुळाच्या पोळ्या, चोंगे, लाटायला कशा यायच्या, आणि भाभीच्या सासूशी भांडून लाटणं घेऊनच घरी कशा जायच्या. निळ्या पेनानं, ओळी थोड्या चढत गेलेल्या. कमलकाकूंनी ती वाचून घेतली आणि म्हणाल्या, “भवाने, लाटण्याचं कशाला लिव्हलंस?” वर्ग हसून हसून लोळला.

मग धान्य आलं. कुणा दात्यांनी वर्षभराचा शिधा द्यायचं ठरवलं, पण अट घातली — ज्या घरातल्या आईला सही करता येत नाही, त्याच घराला. अट मूर्खपणाची होती. मी तेव्हाच ओळखलं. जी शिकली तिचं ताट काढून घ्यायचं? हे मी बैठकीत म्हणायला हवं होतं. म्हणालो का? नाही. दात्यांसमोर तोंड कोण उघडणार — मी आडवाट काढली.

वाटपाच्या सकाळी मी लवकर गेलो आणि भाभीचं पान भिंतीवरून काढलं. रुखसार दारात उभी होती. तिनं पाहिलं.

शिधा देणारे पाहुणे आले. भाभीची पाळी आली तेव्हा तिनं पेन उचललं. “सर, मला येती की सही. दावू का?”

मी पेन तिच्या हातातून घेतलं. शाईचा पॅड पुढं केला — माझ्याच दुकानातला. म्हणालो, “भाभी, आज अंगठाच.”

“अगं लाव की,” मागून कुणीतरी म्हणालं, “अंगठा काय झिजतोय व्हय तुझा?”

भाभी हसली. अंगठा टेकवताना माझ्याकडं न बघता म्हणाली, “मंग शिकिवलं कशाला ओ?”

इथवर तुम्ही मला माफ कराल, हे मला माहीत आहे. तिच्या घरी धान्य गेलं, चूल पेटली. म्हणूनच मी हे आधी सांगितलं. खरं पुढं आहे.

वर्ष उलटलं. वर्गासाठी गावातलीच एक वाचनताई नेमायची ठरली — मानधनावर. भाभीनं अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला. एवढं काही तिनं आयुष्यात मागितलं नव्हतं. “नवऱ्याला आता बसून खायची सवं लागलीय,” ती म्हणाली, “पण त्यासाठी न्हाय, सर. मला फळ्यापुढं हुबं ऱ्हायचंय.”

बारामतीच्या कार्यालयात पाच जण बसलो होतो. सचिवांनी शिध्याची यादी काढली. शमीम — अंगठा. त्यांनी अर्ज हलवून विचारलं, “हा कुणाकडून तरी लिहून घेतलेला दिसतो. तुमच्या वर्गातली ना ही? वाचता येतं का हिला?”

होय. एवढा एक शब्द पुरला असता. पण ‘होय’ म्हटलं असतं, तर तो अंगठा कुणी लावायला लावला हेही निघालं असतं. त्याच महिन्यात संस्था मला शाल देणार होती.

मी म्हणालो, “शिकतेय अजून.”

दोन शब्द. विचार करून उच्चारलेले. भीतीनं तोंडातून निसटले, असं मी म्हणणार नाही. ती सवलत मी घेत नाही.

नकाराचं पत्र माझ्याकडंच दिलं. वर्गातल्या बायकांना आलेला कागद मीच वाचून दाखवायचो, ती सवयच होती. ठरवून गेलो होतो — वरच्या दोन ओळी वाचायच्या, कारण गाळायचं. भाभी दारात मटकी निवडत होती. मी पत्र उघडलं, घसा साफ केला. तिनं हात पुसले आणि कागद माझ्या हातातून घेतला.

माझ्या लक्षातच आलं नव्हतं! जिला मी वाचायला शिकवलं, तिला वाचता येतं — हे मीच विसरलो होतो. माझंच खोटं मला खरं वाटायला लागलं होतं.

ती मोठ्यानं वाचू लागली. बोट ओळीखालून सरकत होतं. “वर्गप्रमुखांच्या माहितीनुसार सदर उमेदवारास अद्याप वाचता येत नाही.” ‘वर्गप्रमुखांच्या’पाशी जरा अडली, मागं आली, पुन्हा नीट म्हणाली. आत रुखसार दप्तर भरत होती, ती थांबली.

भाभीनं पत्राची घडी घातली. “बराबर वाचलं का, सर?”

“हो,” मी म्हणालो.

ती पुन्हा मटकी निवडायला बसली. वर्गात ती परत आली नाही, आणि रुखसारही. शाल मी घेतली. ती कपाटात आहे. हे संस्थेच्या लोकांच्या कानावर गेलं तर जाऊ दे. यादीतला तो अंगठा मी लावायला लावला, बैठकीतलं ते वाक्य माझं होतं, आणि शमीमभाभीला तेव्हाही वाचता येत होतं.