तिच्या मापाचा दस्ता

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बंदूक धुणं. दिवस बुडायच्या आधी अंगणात बसलो होतो. ठासणीच्या बंदुकीत दारू जळली की नळीत काळी राख धरते. गरम पाण्यानं धुतली नाही तर गंज खाते. एकानं नळी धरा लागते, दुसऱ्यानं वरून पाणी ओता लागते. मी धरे, ती ओते. "फडकं घ्या हाताले," ती म्हणाली. "भाजलं मंग माह्याच नावानं वरडान." मी फडकं घेतलं नाही. भाजलं, अन् वरडलोच. लाकडाले जवसाचं तेल लावायचं राह्यलं होतं. "उद्या लावा, भाकरी थंड होऊन राह्यल्या," म्हणाली.

पहाटे गाईचं दूध काढता काढता ती तिथंच आडवी झाली. वरवट बकालहून डॉक्टर येईपर्यंत त्याले पाहायले काही उरलं नव्हतं.

बंदूक तिचीच होती. शेत तिचं होतं ना, तिच्या बापानं दिलेलं, सोनाळ्याच्या वर, पार डोंगराच्या पायथ्याले. तिथं ज्वारी दाण्यात आली की रात्री डुकरं उतरतात. खातात थोडं, लोळवतात जास्त. नवा महाराष्ट्र होऊन वर्षच झालं होतं तेव्हा आम्ही पीक राखायच्या बंदुकीचा अर्ज केला. लायसन ज्याचं शेत त्याले. कचेरीतला बाबू हसला. म्हणे, बाई, डुकराले नुसतं लुगडं हालवून दाखवा, पळून जाईन.

"या ना साहेब एक रात्र शेतातल्या माळ्यावर," ती म्हणाली. "लुगडं मी देईन."

लायसन भेटलं. तिचं नाव वर, माह्यं खाली, राखणदार म्हणून. गावानं मले बरेच दिवस राखणदार म्हणूनच हाक मारली. मले राग ये, तिले हसू ये.

नवी बंदूक आमच्या आवाक्यातली नव्हती. खामगावात एक परवान्याचा बंदूकवाला होता, त्याच्या कोपऱ्यात मोडक्या बंदुका पडल्या होत्या. एकीचं लाकूड सडलं होतं, तिची नळी घेतली. दुसरीची नळी फुटली होती, तिचा घोडा अन् चाप घेतला. बाजारात वांगं पाहावं तशी तिनं नळी बोट फिरवून फिरवून पाह्यली अन् भाव पाडला. दुकानदारानं सगळं जुळवून नळीवर नंबर ठोकून दिला. पण दस्त्याचे, म्हणजे खांद्याले लावायच्या लाकडाचे, पैसे वेगळे म्हणे. मी म्हटलं, लाकडाचं आमचं आम्ही पाहू.

घरी तिच्या बापाच्या वखराचं मोडकं खोड होतं, बाभळीचं. सुकलेली बाभूळ कोरणं म्हणजे दगड कोरणं. आधी वाकस, मंग पटाशी, मंग काचेच्या तुकड्यानं खरवडणं. दस्ता खांद्याले बसते का नाही हे माह्यं मले दिसे ना, म्हणून ती बंदूक धरून उभी राहे अन् मी तासे. माप तिच्याच हाताचं घेतलं गेलं. माह्या हाताले दस्ता चार बोटं आखूड झाला. पहिलाच बार उडवला अन् माह्या अंगठ्यानं माह्यंच नाक फोडलं.

"लायसन पाहून बनली," ती म्हणाली.

मी म्हणे, मागून तुकडा जोडतो. इतकी वर्षं म्हणतच राह्यलो.

तिले जाळून आलो त्याच संध्याकाळी पोलीस पाटील आला. माह्यासमोर वाढलेलं पोरगं. ओसरीवर बसून ती किती चांगली होती ते त्यानं मलेच सांगितलं. मंग म्हणाला, "काका, लायसनवाली गेली तर बंदूक ठाण्यात जमा करा लागते. उशीर केला तर गुन्हा."

मी म्हटलं, ज्वारी दाण्यात आहे, महिनाभर राहू दे, मंग माह्या हातानं नेऊन देतो. तो म्हणे, कायदा आहे. मी म्हटलं, तिची राख तरी थंड होऊ दे. तो म्हणे, त्याच्यात माह्यं काय चालते. माह्या नावानं नवं लायसन? शेत आता कोणाचं ते ठरू द्या म्हणे, मंग अर्ज करा. मालकीण गेल्यावर राखणदाराले कोण विचारते.

सुतक होतं, घराबाहेर पडू नका म्हणाले लोक. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंदुकीचे पेच काढले. नळी सोडवली, घोडा सोडवला. जशी तुकड्या-तुकड्यानं आणली होती तशीच पोत्यात बांधली अन् ठाण्यात नेली. हवालदारानं पोतं उघडलं.

"दस्ता कुठं आहे बे?"

"नंबर नळीवर आहे, पाहून घ्या," मी म्हटलं. "लाकडाले नंबर नसते."

त्यानं नळी फिरवून नंबर पाह्यला. मंग त्यानं लिहिलं, लाकूड नाही. मी सही केली, येते तशी.

परत येताना शेतावरून आलो. डुकरं रात्री येऊन गेली होती. धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या, ज्वारीच्या ओळी लोळवल्या होत्या. मी थांबलो नाही. घरी जवसाचं तेल तिनं काढून ठेवलं होतं तसंच होतं, वाटीत, वरून झाकण. मी फडकं घेतलं अन् दस्त्याले तेल लावलं.